वाफ्यात ठरते, थंडीत टिकते

भेंडीचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. त्यामागून बोटाच्या पेराएवढी शेंग वर येते आणि चार ते सहा दिवसांत तोडणीला तयार होते. तेव्हा टोकाला अंगठा लावला तर ते कटकन मोडते. आणखी दोन-तीन दिवस गेले की तेच टोक नुसते वाकते, कारण आत दोरे धरलेले असतात. म्हणून पेडण्यात किंवा डिचोलीत भेंडी लावणारी बाई पाऊस असो वा नसो, एक दिवसाआड टोपली घेऊन वाफ्यात उतरतेच. एक तोड चुकली तर शेंगा जून होतात आणि झाडही नवी फुले कमी धरू लागते.

गोठवलेली भाजी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कारखाना आणि बर्फाळ कपाट येते. पण थंडी भाजीत काही नवे घालत नाही. भाजी ज्या अवस्थेत आली, त्या अवस्थेत ती तिला थांबवते. जून भेंडी गोठवली तर सहा महिन्यांनी जूनच भेंडी हाती येते, आणि कोवळी गोठवली तर कोवळी. पाकिटातल्या भाजीचा दर्जा बहुतांशी वाफ्यात, पेरणीच्या तारखेवर आणि तोडणीनंतरच्या काही तासांत ठरतो. गोव्याच्या या उत्तर टोकाला भाजीचा हंगाम कसा चालतो हे पाहिले, तर गोठवणीला शेतकऱ्याकडून काय लागते आणि तिने शेतकऱ्याला काय द्यावे, हे दोन्ही समजते.

बेगमीची जुनी विद्या

भाजी टिकवणे गोव्याला नवे नाही. पावसाचे चार महिने काढायचे म्हणून इथली घरे एप्रिल-मेमध्ये बेगमी करत आली आहेत. त्यासाठी ‘पुरुमेत’ हा शब्द पोर्तुगीजमधून येऊन इथल्या बोलीत रुजला. सुकी मासळी, वाळवलेली मिरची, आमसुले, आंब्याची साठे, मिठात घातलेले फणसाचे गरे आणि कैऱ्या यांनी कोठीची खोली भरायची. मे महिन्यातल्या म्हापशाच्या बाजारात अजूनही ही खरेदी डोळ्यांना दिसते. पेडण्यातल्या हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिचा मानही अशाच अंगणात वाळलेल्या बेगमीतून वाढला.

या सगळ्या पद्धतींचे तत्त्व एकच आहे. जिवाणू, बुरशी आणि भाजीतली विकरे, म्हणजे एन्झाइम, यांना काम करायला मोकळे पाणी लागते. उन्हात ते पाणी उडून जाते. मीठ आणि साखर ते बांधून ठेवतात. गोठवणीत पाणी भाजीतच राहते, पण बर्फ होऊन बसल्यामुळे जिवाणूंना वापरता येत नाही. म्हणून वाळवलेली भेंडी हा वेगळा पदार्थ होतो, तर गोठवलेली भेंडी बरीचशी ताज्या भेंडीजवळ राहते. याची किंमत मात्र मोठी आहे. वाळवणाला ऊन पुरते, गोठवलेल्या मालाला खाणाऱ्याच्या घरापर्यंत अखंड वीज लागते.

पावसाळी मळा

इथल्या शेताचे वर्ष जूनपासून मोजावे. मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि वर्षभरातल्या सुमारे ३००० मिलिमीटर पावसाचा फार मोठा भाग सप्टेंबरपर्यंत पडून जातो. सखल शेतांत सरदीचे भात उभे असते, तेव्हा भाजी चढावर जाते. जांभ्याची ही लाल माती पाणी पटकन सोडते, आणि उन्हाळ्यात खोटा ठरणारा हा गुण पावसात भाजीला वाचवतो. काकडी, दोडके, घोसाळी, पडवळ, कारली, दुधी, चिबूड आणि भेंडी ही पावसाळी पिके. वेलींना मांडव, भेंडीला उंच वरंबे. मुळाशी पाणी साचले की दोन दिवसांत रोप पिवळे पडते.

या हंगामाची राणी म्हणजे सात शिरांची भेंडी. नेहमीच्या भेंडीला पाच शिरा असतात. ही जाड, लांब, फिकट हिरवी, आणि चांगली लांब झाल्यावरही कोवळीच राहणारी. २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. बियाणे मात्र अजूनही मुख्यतः घराघरांतून चालत आलेले आहे. जूनच्या आरंभी टोकलेले बी साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत पहिली शेंग देते, म्हणजे जुलैच्या शेवटी तोडणी सुरू होते आणि चवथीच्या सुमारास मळा भरात असतो. गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी आणि सणाच्या स्वयंपाकासाठी त्या आठवड्यात गावठी भाजीला मागेल तो भाव मिळतो. सण सरला की मागणी उतरते, पण झाडाला सण कळत नाही. ते पुढचे काही आठवडे शेंगा धरतच राहते. बाजाराने पाठ फिरवलेला, तरीही उत्तम अवस्थेत असलेला हा माल गोठवणीसाठी सर्वांत योग्य आहे.

पावसाळी भेंडीचा मोठा शत्रू म्हणजे हळद्या. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, शेंगा फिकट आणि कडक होतात. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने काढलेला ‘अर्का अनामिका’ हा वाण या रोगाला तोंड देणारा म्हणून देशभर पसरला. कारखान्याला अशा वाणांची आणखी एक सोय होते, ती म्हणजे सारख्या मापाची शेंग. यंत्रात सारख्या जाडीची भेंडी सारखी शिजते आणि सारखी गोठते. गावठी भेंडी लहानमोठी येते, म्हणून ती गोठवायची असेल तर निवडणीला जास्त हात लागतात. चवीसाठी ते कष्ट घ्यायचे की मापासाठी वाण बदलायचा, याचा निर्णय बी टोकण्याआधीच व्हायला हवा.

वायंगणाचे दिवस

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भात कापले की खालची शेते मोकळी होतात. जिथे पाणी आहे तिथे वायंगणी भात लागते, आणि उरलेल्या ओलीवर वाल, चवळी, कुळीथ, मिरची, वांगी, मुळा, नवलकोल, तांबडी भाजी. तांबडी भाजी महिनाभरात उपटणीला येते. मोठ्या दाण्याची गावठी चवळी, जिला इथे अळसांदे म्हणतात, उन्हाळ्याच्या तोंडावर शेंगा भरते. पूर्वी जेवढी भाजी विहिरीच्या आणि ओहोळाच्या पाण्यावर शिंपता येईल, तेवढीच होत असे.

वाढीव पाणी आले ते तिळारीमुळे. शेजारच्या दोडामार्ग तालुक्यातले हे धरण महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प आहे. १९९० मध्ये करार झाला, आणि खर्चाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश वाटा गोव्याने उचलला. कालव्यांनी ते पाणी डिचोली, पेडणे आणि बार्देशात आणले. पण कालव्याचे पाणी भरवशाचे असले तरच शेतकरी जानेवारीत नवा वाफा धरतो. मोठ्या पुरवठ्याचे वचन देणाऱ्या शेतात कालव्याबरोबर एखादी विहीर किंवा शेततळे आणि ठिबक असायला हवे. फुलावर आलेल्या भेंडीला आठवडाभर पाणी चुकले तर त्या तोडी परत मिळत नाहीत.

मातीचीही एक अडचण आहे. धुवांधार पाऊस मातीतले चुन्याचे अंश वाहून नेतो, म्हणून इथली जमीन आम्लधर्मी असते. अशा मातीत वांगी, टोमॅटो आणि मिरची यांना जिवाणूजन्य मर लवकर गाठते. सकाळी टवटवीत असलेले रोप दुपारी मान टाकते आणि पुन्हा उभे राहत नाही. चुना, भरपूर शेणखत, पिकाची फेरपालट आणि रोगाला दाद न देणारे वाण हेच उपाय. जुन्या गोव्याजवळ एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था स्थानिक वांगी आणि चवळीच्या वाणांवर काम करते, ते या मातीसाठी मोलाचे आहे.

डिचोलीच्या वाट्याला एक दुःख जास्तीचे आले. लोहखनिजाच्या खाणींतला गाळ पावसात वाहून शेतांत आणि ओहोळांत बसला. २०१२ साली खाणी थांबल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली. ट्रकांवर चालणारी कितीतरी घरे अचानक मोकळ्या हातांनी बसली. ज्यांच्याकडे चांगली जमीन उरली होती, त्यांना शेती हा आधार उरला. पण गाळाने भरलेली माती सुधारायला वर्षे लागतात, आणि अशा जागी पिकवलेली भाजी गोठवून विकण्याआधी मातीची आणि पाण्याची तपासणी झालीच पाहिजे.

तोडणीनंतरचे तास

तोडलेली भाजी मेलेली नसते. ती श्वास घेत असते, साठवलेली साखर जाळत असते आणि त्यातून उष्णता बाहेर टाकत असते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. भेंडीचा श्वास भाज्यांमध्ये फार जलद. दुपारी तोडलेली भेंडी गोणपाटात दाबून भरली आणि गोण उन्हात ठेवली, तर ती आतल्या आत स्वतःच तापत जाते. संध्याकाळपर्यंत गोडी गेलेली, कडा काळ्या पडलेल्या आणि दोरे वाढलेले असतात.

यासाठी लागणारी शिस्त साधी आहे. पहाटे तोडणी करायची. माल सावलीत आणि छिद्रांच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवायचा. देठ कात्रीने कापायचा, ओढायचा नाही. आणि माल काही तासांच्या आत पोहोचेल अशा वेळेला गाडी हजर ठेवायची. भेंडीला साध्या फ्रिजची थंडी मात्र मानवत नाही. ती उष्ण प्रदेशातली भाजी. सात अंशांखाली काही दिवस ठेवली तर तिच्यावर खळगे आणि डाग पडतात. म्हणून तिला थंडाव्यात साठवून वाट पाहत बसण्यापेक्षा, तोडल्या दिवशीच थेट गोठवणे उत्तम.

इंग्लंडमध्ये मटाराच्या शेतीने ही शिस्त टोकाला नेली. तिथले मोठे कारखाने शेंग सोलल्यापासून सुमारे अडीच तासांत दाणा गोठवण्याचे ध्येय ठेवतात. कोणता मटार कधी तयार होईल याचा अंदाज ते रोजच्या उष्णतेची बेरीज करून बांधतात, आणि त्याप्रमाणे पेरणीच्या तारखा वाटून घेतात. गोव्यात मटाराला लागणारी थंडी नाही. पण इथले तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, त्यामुळे टप्प्याटप्प्याच्या पेरणीचा हिशेब उलट सोपा होतो. इथे वेळापत्रक पाऊस आणि पाणी ठरवतात.

हिशेब करूनच पाहू. भेंडी हेक्टरी १२ टन आली आणि तोड्या २० झाल्या असे धरले, तर एका तोडीला ६०० किलो माल मिळतो. तोड एक दिवसाआड. म्हणजे कारखान्याला रोज ६०० किलो हवे असतील, तर एकाच वेळी भरात असलेले दोन हेक्टर लागतील. तोडणीचा काळ सहा आठवड्यांच्या आसपासचा. पुरवठा न तुटता पुढे चालावा, तर पहिला मळा उतरणीला लागण्याआधी दुसरा फुलावर यायला हवा. आता गोव्यात जमीन चौरस मीटरमध्ये मोजतात, आणि एकेकाच्या वाट्याला हजार चौरस मीटर भाजीची जागा असेल, तर या दोन हेक्टरांसाठी वीस शेतकरी एकत्र यावे लागतील. त्यांनी एकाच दिवशी पेरून चालणार नाही. कोणी कधी पेरायचे, कोणती फवारणी केव्हा थांबवायची, कोणाची तोड कोणत्या दिवशी, हे सगळे एका वहीत असावे लागेल. फवारणी आणि तोडणी यांतले ठरलेले दिवस पाळले नाहीत, तर औषधाचा अंश पाकिटात जातो, आणि थंडी तो नाहीसा करत नाही.

लहान तुकड्यांचे शेतकरी एकत्र येऊन असे करू शकतात, हे महाराष्ट्रात दिसले आहे. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीची ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांच्याच मालकीची कंपनी. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने ती द्राक्षांच्या निर्यातीतून वाढली आणि पुढे फळे-भाज्यांच्या प्रक्रियेत आणि गोठवणीत उतरली. मासळीच्या निर्यातीमुळे गोठवणीचे तंत्र गोव्यालाही अनोळखी नाही.

बर्फाचे स्फटिक

कारखान्यात आल्यावर भाजी धुतात, निवडतात, आणि मग काही मिनिटे उकळत्या पाण्यात किंवा वाफेत धरतात. याला ब्लँचिंग म्हणतात. थंडी विकरांना फक्त मंद करते. न चटका देता गोठवलेली भेंडी काही महिन्यांत रंग उतरलेली आणि गवतासारख्या वासाची होते. चटक्याने ही विकरे निकामी होतात. त्यांतले पेरॉक्सिडेज सर्वांत चिवट. ते संपले की नाही ते रसायनाने तपासतात, कारण ते संपले तर बाकीची संपलेलीच असतात. भेंडी या वेळी शक्यतो अख्खीच ठेवतात, नाहीतर चीक पाण्यात उतरतो. चटका दिल्याबरोबर तिला थंड पाण्यात घालावे लागते, नाहीतर ती शिजतच राहते.

मग येते खरी गोठवण. भाजीतले पाणी शून्याच्या जरा खाली, साधारण उणे एक ते उणे पाच अंशांच्या पट्ट्यात, बहुतांशी बर्फ होते. हा पट्टा हळू ओलांडला तर बर्फाचे थोडे पण मोठे स्फटिक बनतात. ते पेशींतले पाणी बाहेर ओढतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. वितळल्यावर भाजी म्हणूनच लिबलिबीत होते आणि ताटात पाणी सुटते. पट्टा वेगाने ओलांडला तर असंख्य बारीक स्फटिक बनतात आणि भिंती बऱ्याच शाबूत राहतात. म्हणून यंत्रात खालून उणे तीस ते चाळीस अंशांच्या हवेचा जोरदार झोत सोडतात. त्यावर दाणे आणि तुकडे उडत-तरंगत, एकमेकांना न चिकटता काही मिनिटांत गोठतात. सुट्या गोठवणीची ही पद्धत ‘आयक्यूएफ’ या नावाने ओळखली जाते, आणि पाकीट हलवले की मटार खडखड वाजतात ते तिच्यामुळेच.

वेगाचे हे महत्त्व क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसाने कॅनडाच्या लॅब्राडॉर किनाऱ्यावर ओळखले. १९१० च्या दशकात त्याने पाहिले, की तिथल्या इन्युइट लोकांनी कडाक्याच्या वाऱ्यात गोठवलेला मासा महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागतो. ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्ड गावात त्याच्या पद्धतीने गोठवलेले पदार्थ प्रथम दुकानांत विकायला आले.

घरातले फ्रीझर उणे अठरा अंशांवर भाजी टिकवू शकते, पण वेगाने गोठवू शकत नाही. म्हणून घरी गोठवायचे तर थोडे-थोडे, चटका देऊन, पुसून, ताटात सुटे पसरून गोठवावे आणि मग पिशवीत भरावे. गोठवणीने जिवाणू मरत नाहीत, झोपी जातात. वीज जाऊन माल वितळला की ते जागे होतात. वितळलेली भाजी पुन्हा गोठवू नये, हे पाकिटावरचे वाक्य म्हणूनच पाळायचे असते.

काय गोठवावे, काय नाही

काकडी, मुळा, चिबूड यांत पाणी इतके, की गोठवल्यावर आकारच उरत नाही. तांबडी भाजी उपटल्या दिवशी, लसूण-खोबरे घालून खाण्यातच तिचे सारे आहे. भेंडी, तोंडली, कारली, भाजीची चवळी, शेवग्याच्या शेंगा, ओले अळसांदे, सुरण आणि ओले खोबरे मात्र उत्तम गोठतात. एप्रिल-मेमध्ये झाडाखाली सडणारा कच्चा फणस तर यासाठीच जन्मला आहे. आखातात आणि इंग्लंडमध्ये स्विंडनसारख्या गावांत गोव्याची माणसे मोठ्या संख्येने आहेत. भारतीय भेंडी, तोंडली, कारली तिथल्या दुकानांत गोठवलेल्या रूपातच विकली जातात.

गोव्यापुरते तरी यापेक्षा जवळचे कारण आहे. आपली रोजची बहुतेक भाजी बेळगावहून घाट उतरून येते. चोर्लामार्गे येणाऱ्या गाड्या साखळीवरून, डिचोलीच्या मळ्यांच्या जवळून जातात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत या गाड्या अडल्या आणि भाजीसाठी घरोघर तारांबळ उडाली. ताजी भाजी पहिली, याबद्दल वाद नाही. चटक्यात क जीवनसत्त्व थोडे जाते हेही खरे. पण दोन दिवस ट्रकमध्ये आणि दुकानात कोमेजलेल्या भाजीतूनही ते जातेच. आपल्या वाफ्यातला, भाव पडल्यामुळे टाकून द्यावा लागणारा चांगला माल चार महिने थांबवून ठेवता आला, तर शेतकऱ्याला तोड न सोडता पुढचा वाफा धरण्याचे बळ येईल. गोठवणीने शेतकऱ्याला द्यायचे ते हेच. त्यासाठी दर पेरणीआधी ठरलेला असावा, आणि माल नाकारण्याचे कारण वाफ्यावरच दाखवले जावे.

मळा संपता संपता शेतकरीण चांगल्या झाडांवरच्या दोन-तीन भेंड्या मुद्दाम तोडत नाही. त्यांना सुतळी बांधते, म्हणजे कोणी चुकून हात लावू नये. त्या लांबतात, कडक होतात, वाळून शिरांवर उकलू लागतात. मग त्या चुलीवरच्या धुरात टांगल्या जातात, कीड लागू नये म्हणून. हंगामभर एकेका दिवसाची घाई करणारी ही बाई एवढ्या शेंगांना मात्र त्यांचा पूर्ण वेळ देते. पुढच्या जूनला त्यातलेच बी टोकले जाते.